जीप अल्कोहोलवर चालते हो, प्रश्न तो नाहीच

आपल्याकडे उसाच्या पट्ट्यात ऑफरोडिंगचं वेड बरंच वाढलंय. चारचाकी जोर असलेल्या टर्बो पेट्रोल जीप घेऊन पोरं सह्याद्रीच्या कडेकपाऱ्यांत फिरतात. त्यातल्या काहींचा एक प्रश्न हल्ली वारंवार येतो. "आपल्या कारखान्यातच इथेनॉल तयार होतं, मग माझी गाडी पूर्ण इथेनॉलवर करून घेतली तर?"

उत्तर सोपं आहे. होते. चांगली होते. एका अख्ख्या देशाने पंचेचाळीस वर्षांपूर्वी गल्लीतल्या गॅरेजांमध्ये हे करून दाखवलंय, तेही कॉम्प्युटर नसलेल्या, कार्बोरेटरच्या गाड्यांवर. पण त्या देशात पुढच्या दहा वर्षांत जे झालं ते कुणी सांगत नाही, म्हणून ही जरा लांबलेली पोस्ट. चहा घेऊन बसा.

आधी यंत्राचं. पेट्रोल पूर्ण जळायला एका किलोला सुमारे 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त 9 किलो. म्हणजे तेवढ्याच हवेत इथेनॉल जास्त ओतावं लागतं. शिवाय एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये 21. एक तृतीयांश कमी. म्हणून इंजेक्टर मोठे लागतात, पंप जास्त ताकदीचा लागतो, आणि ॲव्हरेज पडतं. हा तोटा झाला.

फायदा टर्बोवाल्यांना. टर्बो म्हणजे हवा कोंबून भरणं. कोंबली की ती तापते आणि तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीची वाट न बघता आपलं आपण पेटतं. मग इंजिन ठोकायला लागतं. इथेनॉलचा ऑक्टेन शंभरच्या वर, आणि त्याची वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषून घेतं. सिलेंडर आतूनच थंड होतो. त्यामुळे टर्बोचा दाब वाढवता येतो, टायमिंग पुढे घेता येतं आणि त्याच इंजिनातून जास्त ताकद निघते. चढावर, चिखलात ती ताकद कळते. बाकी रबरी नळ्या, सील, टाकी बदलणं, ईसीयूचा मॅप नव्याने लिहिणं, ऑइल लवकर बदलणं ही मेकॅनिकची कामं आहेत. अवघड आहेत, अशक्य नाहीत.

(डिझेल जीपवाल्यांनी मात्र यात पडू नये. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, इंधन दाबाने आपोआप पेटावं लागतं आणि इथेनॉल तसं सहजी पेटत नाही. स्वीडनच्या स्कॅनियाने त्यासाठी 28 ला 1 इतकं कॉम्प्रेशन असलेलं वेगळं इंजिन बनवलं आणि इंधनात पेट घेण्यासाठी वेगळं रसायन मिसळलं. गॅरेजमध्ये होणारं काम नव्हे ते.)

आता ब्राझील.

ब्राझीलला अल्कोहोल नवीन नव्हतं. 1927 मध्येच तिथल्या अलागोआस प्रांतातल्या एका साखर कारखान्याने अल्कोहोलचं मोटार-इंधन बाजारात आणलं होतं. 1931 मध्ये सरकारने आयात पेट्रोलमध्ये पाच टक्के अल्कोहोल मिसळणं सक्तीचं केलं. का? साखर पडून होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढेही हेच आहे. इंधनाची गोष्ट म्हणून जी सांगितली जाते ती बहुतेक वेळा साखरेची गोष्ट असते.

1973 मध्ये तेलाचे भाव चौपटीकडे निघाले. ब्राझील आपल्या गरजेचं बहुतांश तेल बाहेरून आणत होता, परकीय चलनाची चाळण झाली. 1974 च्या अखेरीस जागतिक बाजारात साखर शिखरावर गेली आणि तिथून कोसळली. एका बाजूला तेल परवडेना, दुसऱ्या बाजूला साखर खपेना. त्या वेळी तिथे लष्करी राजवट होती आणि राष्ट्राध्यक्ष होते एर्नेस्टो गैझेल. हे गृहस्थ त्याआधी सरकारी तेल कंपनी पेट्रोब्रासचे प्रमुख होते, म्हणजे तेलाचा हिशेब त्यांना दुसऱ्याने समजावून द्यायची गरज नव्हती.

साव जोसे दोस कांपोस नावाच्या गावात हवाई दलाचं संशोधन केंद्र आहे. तिथे उर्बानो स्टुम्फ नावाचे एक इंजिनीअर प्राध्यापक बरीच वर्षं अल्कोहोलवर इंजिन चालवण्याच्या मागे लागले होते. 1975 मध्ये गैझेल त्या केंद्राला भेट द्यायला गेले आणि स्टुम्फांनी त्यांना आपलं काम दाखवलं. त्याच वर्षी 14 नोव्हेंबरला 'प्रोआल्कूल' म्हणजे राष्ट्रीय अल्कोहोल योजनेचा हुकूम निघाला. कारखान्यांना डिस्टिलरीसाठी महागाईच्या दरापेक्षाही स्वस्त व्याजाने कर्जं मिळाली. आपल्याकडच्या साखरसम्राटांच्या तोंडाला पाणी सुटावं अशी योजना.

1976 मध्ये स्टुम्फांच्या चमूने तीन गाड्या अल्कोहोलवर करून देशभर फिरवल्या, आठ हजारांहून जास्त किलोमीटर. एक डॉज, एक फोक्सवॅगन बीटल आणि तिसरी गुर्गेल शावांते. ही तिसरी म्हणजे त्यांची देशी जीप. फायबरची बॉडी, मागे फोक्सवॅगनचं एअरकूल्ड इंजिन. चारही चाकांना जोर नव्हता, पण ड्रायव्हरजवळ दोन लिव्हर होते. मागचं जे चाक चिखलात गरगरा फिरायला लागेल त्याला तेवढा ब्रेक लावायचा, म्हणजे जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. ट्रॅक्टरवर डावा-उजवा ब्रेक वेगळा मारून शेतकरी जे करतो, तेच. टर्बो वगैरे काही नाही, पण ऑफरोड गाडी अल्कोहोलवर करण्याच्या छंदाची ही पणजी म्हणायला हरकत नाही.

यातली गंमत अशी की ही जीप बनवणारा कारखानदार जोआव गुर्गेल स्वतः अल्कोहोलच्या धोरणाच्या सक्त विरोधात होता. माणसांना पोसायची जमीन गाड्यांना पोसायला का वापरायची, असा त्याचा सवाल. तो त्या काळात विजेवरच्या गाड्या बनवायच्या मागे होता. सत्तरच्या दशकात! लोकांनी त्याला विक्षिप्त ठरवलं. पुढे कंपनीच बुडाली.

1979 मध्ये इराणच्या क्रांतीने तेल पुन्हा भडकलं आणि आता मात्र ब्राझीलने सगळा डाव अल्कोहोलवर लावला. त्या जुलैत फियाट 147 ही कारखान्यातूनच अल्कोहोलवर चालणारी गाडी आली. एक्झॉस्टला दारूचा वास येतो म्हणून लोकांनी तिचं लाडाचं नाव ठेवलं 'काशासिन्या'. काशासा म्हणजे त्यांची उसाची दारू. आपल्या भाषेत 'पहिल्या धारेची' म्हणा.

पण नवी गाडी सगळ्यांना कुठे परवडते? रस्त्यावर लाखो जुन्या पेट्रोल गाड्या होत्या. मग सुरू झाला कन्व्हर्जनचा धंदा. इंजिन रीबोअर करणाऱ्या वर्कशॉपांना सरकारने परवाने दिले. काम काय, तर हेड फेसिंग मारून किंवा पिस्टन बदलून कॉम्प्रेशन सात-आठवरून अकरा-बारापर्यंत न्यायचं. कार्बोरेटरचे जेट मोठे करायचे. टायमिंग पुढे घ्यायचं. अल्कोहोल नीट वाफ व्हावं म्हणून इनटेक गरम ठेवायचा. जस्ताच्या मिश्रधातूचा कार्बोरेटर अल्कोहोल खातं, विशेषतः पंपावरच्या अल्कोहोलमध्ये पाच-सहा टक्के पाणी असायचं म्हणून, त्यामुळे त्याला निकेलचा मुलामा. आणि बॉनेटखाली लिटरभर पेट्रोलची एक चिमुकली टाकी. कारण पंधरा अंशांच्या खाली अल्कोहोलची पुरेशी वाफ होत नाही, गाडी सुरूच होत नाही. दक्षिण ब्राझीलच्या थंड सकाळी लोक आधी त्या टाकीतलं पेट्रोल मारायचे, मग स्टार्टर.

परवानाधारक वर्कशॉप एक, आणि बिनपरवान्याची शेजारी चार. हे कुठल्या देशात होत नाही? ज्यांनी नुसते जेट बदलून 'झालं बघा' म्हणत गाड्या परत दिल्या, त्यांच्या गाड्यांनी बदनामी केली. टाक्या गंजल्या, कार्बोरेटर पांढऱ्या बुरशीसारख्या थराने भरले, सकाळी ढकलगाडी. त्यात सरकारने अल्कोहोलचा भाव वाढवला आणि 1981 मध्ये या गाड्यांची विक्री एकदम आपटली. सरकार घाबरलं. 1982 मध्ये ठरलं की अल्कोहोलचा भाव पेट्रोलच्या 59 टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. गाड्यांवरचा करही उतरवला. बस, गणित जुळलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ब्राझीलमध्ये विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त फक्त अल्कोहोलवर चालणाऱ्या होत्या. मिश्रणावर नव्हे, शुद्ध अल्कोहोलवर. जगात असं दुसरं उदाहरण नाही.

इथवरची गोष्ट भाषणांत ऐकायला मिळते. आता पुढची.

1986 मध्ये जागतिक बाजारात तेल कोसळलं. पेट्रोल स्वस्त झालं, आणि अल्कोहोल त्याच्या प्रमाणात स्वस्त ठेवायचं तर सरकारच्या तिजोरीला भोक. लष्करी राजवट जाऊन नागरी सरकार आलं होतं, महागाई आकाशाला भिडली होती. सरकारने कारखान्यांना मिळणारा अल्कोहोलचा भाव आवळून धरला. त्याच सुमारास साखरेचा जागतिक भाव वर जायला लागला.

आता तुम्ही कारखान्याचे चेअरमन आहात असं समजा. गव्हाणीत पडलेला ऊस तोच. रस तोच. एका नळीने गेला तर साखर, दुसऱ्या नळीने गेला तर अल्कोहोल. साखरेला भाव आहे, अल्कोहोलला नाही. तुम्ही काय कराल? त्यांनीही तेच केलं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, सभासद आणि बँका दारात उभ्या असतात.

पण रस्त्यावर तोपर्यंत चाळीस लाखांहून जास्त गाड्या अशा होत्या, ज्यांचं कॉम्प्रेशन बारा होतं. बारा कॉम्प्रेशनच्या त्या इंजिनात तेव्हाचं पेट्रोल टाकलं की ते ठोकून ठोकून पिस्टनला भोक पाडणार. हेड कापलेलं असतं, ते परत जोडता येत नाही. 1989 च्या उत्तरार्धात पंपांवर अल्कोहोल संपायला लागलं. रांगा लागल्या. कालपर्यंत देशभक्तीचं प्रमाणपत्र असलेली गाडी एका रात्रीत लोढणं झाली. ज्या देशाने जगाला अल्कोहोल शिकवलं, त्याने बाहेरून अल्कोहोल आयात केलं. तेही पुरेना म्हणून मिथेनॉल आणून 60 टक्के इथेनॉल, 33 टक्के मिथेनॉल आणि 7 टक्के पेट्रोल असं मिश्रण विकलं. मिथेनॉल म्हणजे विषारी दारूच्या बातम्यांमध्ये वाचतो ते. पंपावर काम करणाऱ्यांच्या जिवाची काळजी म्हणून त्यावर मोठं वादळ उठलं.

लोकांचा विश्वास जो उडाला तो उडालाच. 1997 मध्ये अख्ख्या ब्राझीलमध्ये अल्कोहोलच्या नव्या गाड्या विकल्या गेल्या जेमतेम हजारभर.

इंजिन नापास झालं नव्हतं, ते तर उत्तम पळत होतं. स्टुम्फांचं काम खरं ठरलं होतं. घोटाळा वेगळाच होता. कारखान्याकडे दोन नळ्या होत्या, गाडीवाल्याकडे एकच टाकी. भाव बदलला की कारखाना कूस बदलू शकत होता, गाडीवाला नाही. सगळी जोखीम ज्याच्या हातात काहीच नव्हतं त्याच्या गळ्यात.

हे ओळखून जे उत्तर निघालं ते सरकारी हुकमातून आलं नाही, सॉफ्टवेअरमधून आलं. मार्च 2003 मध्ये फोक्सवॅगनची गोल नावाची गाडी आली, 1.6 'टोटल फ्लेक्स'. पेट्रोल टाका, अल्कोहोल टाका, दोन्ही कसंही मिसळा. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सांगतो की आत काय जळतंय आणि ईसीयू त्याप्रमाणे इंधन आणि टायमिंग बदलतो. वेगळा महागडा सेन्सर नाही, हेड कापणं नाही. आता दुसरी नळी गाडीवाल्याकडेही आली. ब्राझीलमधला माणूस पंपावर दोन्ही भाव बघतो. अल्कोहोल पेट्रोलच्या 70 टक्क्यांच्या आत असेल तर अल्कोहोल, वर असेल तर पेट्रोल. कॉम्प्रेशनची तडजोड करावी लागते हे खरं, पण टर्बोने तीही बरीच मिटवली. 2013 मध्ये बीएमडब्ल्यूने टर्बो फ्लेक्स गाडी तिथे आणली. पुढे तिथल्या जीप कंपनीच्या 1.3 लिटर टर्बो फ्लेक्स गाड्या आल्या, त्या सुरुवातीला इथेनॉलवर 185 आणि पेट्रोलवर 180 हॉर्सपॉवर द्यायच्या, फोर-बाय-फोरसकट. आपल्या पोरांचं स्वप्न शोरूममध्ये तयार मिळतं.

आणि आपण?

आपल्याकडे इथेनॉल कालपरवा आलं असं समजू नका. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्यासाठीचा कायदा 1948 मध्येच झाला होता. अलीकडचा प्रवास सुरू झाला 2001 मध्ये, तीन ठिकाणच्या चाचणीने. त्यातली दोन आपली, मिरज आणि मनमाड. तिसरं उत्तर प्रदेशातलं बरेलीजवळचं आंवला. 2003 मध्ये नऊ राज्यांत पाच टक्क्यांचा नियम आला, आणि मग पंधरा वर्षं रडतखडत. कधी मळी कमी, कधी भाव पटत नाही, कधी राज्यांचे दारूवरचे कर आड. 2018 च्या धोरणाने बी-हेवी मळी आणि थेट रसापासून इथेनॉल करायला वाट दिली, तेव्हा खरा वेग आला. 2022 मध्ये दहा टक्के गाठले, 2025 मध्ये वीस. उसाचं बिल वेळेवर मिळायला या पैशाने मदत झाली. हे मान्य करायला लाज वाटू नये. साखर विकली जाईपर्यंत थांबावं लागतं, इथेनॉलचे पैसे तेल कंपन्या लवकर देतात.

मध्ये नागपूरचा एक प्रयोग झाला. 2014 मध्ये नितीन गडकरींनी स्कॅनियाची इथेनॉल बस तिथे रस्त्यावर आणली. पुढे ताफाही वाढला, आणि 2018 मध्ये सेवा गुंडाळली गेली.

मग आला डिसेंबर 2023. पाऊस कमी, ऊस कमी, साखर महाग होण्याची भीती, समोर निवडणूक. 7 डिसेंबरला केंद्राने हुकूम काढला, उसाच्या रसापासून इथेनॉल बंद. आठवड्याभरात थोडी सूट दिली, पण मर्यादा घालूनच. ज्या कारखान्यांनी डिस्टिलरीसाठी कर्जं काढली होती, त्यांची तोंडं तेव्हा बघण्यासारखी झाली होती. 2024 च्या ऑगस्टमध्ये निर्बंध उठले, पण तोवर मक्याने उसाची जागा बऱ्यापैकी घेतली होती.

1989 च्या ब्राझीलशी हे ताडून बघा. तिथे कारखान्याने नळी फिरवली, इथे सरकारने. आपल्याकडे पंपावर रांगा लागल्या नाहीत, कारण आपल्या टाकीत बहुतांश पेट्रोलच होतं आणि मिश्रण कमीजास्त करणं डेपोच्या हातात होतं. म्हणजे गाडीवाला अडकला नाही, कारखाना आणि त्याच्या मागचा ऊसवाला अडकला. जोखमीची जागा बदलली, जोखीम गेली नाही.

गाडीवाल्याला दुसरीकडून चिमटा आहे. वीस टक्के इथेनॉलमध्ये ऊर्जेचा एक तृतीयांश तोटा, म्हणजे हिशेबाने सहा-सात टक्के. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातही जुन्या चारचाकींसाठी हाच आकडा दिला होता, आणि त्याची भरपाई म्हणून असं इंधन ग्राहकाला स्वस्त पडावं असंही सुचवलं होतं. तोटा आला, स्वस्ताई राहिली वाटेत. 1982 मध्ये ब्राझीलने भावाचं ते 59 टक्क्यांचं कलम का लिहिलं असेल, ते आता कळतं. इथे विरोध करणारा प्रत्येक जण तेल लॉबीचा हस्तक आणि समर्थन करणारा प्रत्येक जण साखरसम्राटांचा, असं दोन्हीकडून चाललंय. भावाबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

आणखी एक फरक. साव पावलो प्रांतातला ऊस बहुतांशी पावसावर उभा राहतो. आपला कालव्यावर आणि विहिरीवर. गुर्गेलचा सवाल तिथे जमिनीचा होता, इथे पाण्याचा आहे. मराठवाड्यात टँकर सुरू असतात त्या वर्षी तो जास्त टोचतो.

तर जीपवाल्या मित्रांनो, तुमच्याकडे वळतो. मार्च 2024 मध्ये पाच राज्यांतल्या 183 पंपांवर 'इथेनॉल 100' सुरू झालं, त्यात महाराष्ट्र आहे. पण तुमच्या ट्रेलच्या पायथ्याशी तो पंप असेल याची खात्री नाही. इंधन बदलायचं तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 बघा, मंजूर किट आणि आरसी बुकातली नोंद लागते. नाहीतर अपघातानंतर विमा कंपनी आधी तेच शोधेल. गॅरेजवाला म्हणेल, कॉम्प्रेशन वाढवूया, मॅप पूर्ण इथेनॉलचाच ठेवूया, ताकद जास्त मिळेल. मिळेल, खोटं बोलत नाही तो. पण इंजिनाच्या आत हात घालू देऊ नका. इथेनॉलचं प्रमाण ओळखणारा सेन्सर बसवा, पेट्रोलचा मॅप तसाच राहू द्या, आणि टर्बोचा जादा दाब फक्त टाकीत खरोखर इथेनॉल असेल तेव्हाच उघडेल असं लिहून घ्या. यंदा पाऊस बरा असेलही. पुढच्या वर्षी गव्हाणीतल्या रसाची नळी कुणीकडे फिरेल, ते तुमच्या कारखान्याचे चेअरमनसुद्धा आज सांगू शकणार नाहीत.